पातळच तं आहे

मी एक जुना मिक्सर आहे, मित्रांनो. रायपूरच्या चौबे कॉलोनीत एका ओट्यावर, खिडकीशेजारी, कित्येक वर्षं उभा आहे. माझ्या लहान भांड्याचं झाकण हरवलंय आणि तीनवर फिरवलं की मी फार ओरडतो. पण कामाला कधी कुरकुरलो नाही, हे शेजारचा फ्रिजसुद्धा कबूल करील.

कारखान्यात माझ्या पोटात तांब्याची तार गुंडाळली गेली, पात्यांना धार लागली, आणि मंजिरीच्या लग्नात आहेर म्हणून मी या घरी आलो. तिचा नवरा निरंजन मंत्रालयात नोकरीला. रोज सकाळी बसने नव्या रायपूरला जायचा. सासूबाई सत्यभामाबाईंनी पहिल्याच दिवशी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पाट्यावरवंट्याची सर याला येणार नाही, असं जाहीर केलं. पुढे पाटा मोरीत गेला आणि चिल्याचं, म्हणजे इकडच्या तांदळाच्या धिरड्याचं पीठ, जवसाची चटणी, सगळं माझ्याकडे आलं.

निरंजन खाण्याचा शौकीन. लग्नानंतर तो फुगतच गेला. त्याचं घोरणं मला ओट्यावर ऐकू येई. मध्येच ते थांबे, घर चिडीचूप होई, आणि मग गचका देऊन श्वास परत येई. ते थांबणं मला मुळीच आवडत नसे. त्याचे वडील शामराव रेल्वेत होते. तेही असेच जाड, असेच घोरणारे, आणि नोकरीत असतानाच गेले. म्हणून निरंजनने वजन कमी करण्याचं ऑपरेशन ठरवलं, तेव्हा आई रडली तरी तो बधला नाही.

"बाबांसारखं मधातच नाही जायचं मले," तो म्हणाला.

सर्जनने त्याच्या जठराचा मोठा भाग काढून टाकला आणि केळ्याएवढी नळी शिवून ठेवली. घरी आल्यावर काही दिवस पातळ, मग मऊ, मग हळूहळू साधं जेवण, असं सांगितलं होतं. आता खरं काम माझं होतं. वरण, दुधी, पनीर मी इतकं बारीक करून देई की चमच्यावरून आपसूक घसरावं. मिक्सर नसता तर आपले हाल झाले असते, असं मंजिरी फोनवर माहेरी सांगायची. मी तेव्हा जरा जास्तच तोऱ्यात फिरायचो. निरंजन संध्याकाळी चालायला जाऊ लागला, त्याच्या पँटी शिंप्याकडे गेल्या, आणि घोरणं बंद झालं. त्याहून सुखाचे दिवस मी त्या घरात पाहिले नाहीत.

सत्यभामाबाईंना मात्र ते बघवत नव्हतं. लेक चार घास खाऊन हात धुतो, याहून मोठं दुःख त्यांना ठाऊक नव्हतं. एका सणाला त्याला अर्धा पेढासुद्धा जाईना. त्यांनी उरलेले पेढे दुधात टाकले, वर काजू टाकले आणि माझं बटण दाबलं.

"पातळच तं आहे," त्या म्हणाल्या. "डॉक्टरनंच सांगतलं होतं नं, पातळ दे म्हणून?"

"हव, पातळाले काय होते," म्हणत निरंजनने ग्लास रिकामा केला.

ते सरळ उतरलं. घट्ट असताना जे अर्धं जात नव्हतं, ते पातळ होऊन ग्लासभर गेलं. मग सणाची गरज उरली नाही. मंजिरी शाळेत शिकवायला लवकर निघे. ती बाहेर पडली की माझी घरघर सुरू. निरंजनचं चालणं सुटलं, गोळ्या सुटल्या, तपासणीचा दिवस आला की त्याला ऑफिसात काम निघे. मंजिरीने एकदा माझं भांडं कपाटात कुलूपबंद केलं, तर सत्यभामाबाईंनी रवीने घुसळून दिलं. वजन परत आलं, आणि एका रात्री ते घोरणंही.

मंजिरी त्याला समता कॉलोनीतल्या दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी पांढरं औषध पाजून पोटाचा फोटो काढला. आल्यावर मंजिरीने ओट्याशी उभं राहून सासूबाईंना सगळं सांगितलं. पहिल्या सर्जनने नळीचा वरचा भाग हवा त्यापेक्षा रुंद ठेवला होता. त्याचा हात तिथे कमी पडला. पण रोज असं गोड पातळ पोटात गेलं, तर उत्तम शिवलेली नळीही हरली असती. पुन्हा ऑपरेशन होऊ शकतं, मात्र आधी हे ग्लास बंद झाले पाहिजेत.

सत्यभामाबाईंनी यातलं पहिलं तेवढं उचललं. सर्जनने पोट बिघडवलं, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागल्या. निरंजनलाही त्याने बरं वाटलं, हे मला त्याच्या पिण्यावरून कळलं.

"आई, डॉक्टरीणबाईंनी दोन गोष्टी सांगितल्या," मंजिरी म्हणाली. "तुम्ही एकच काहून धरून राहिल्या?"

"चूक त्या सर्जनची, अन् उपाशी माह्या लेकरानं राहायचं?"

दोघी निरंजनकडे बघत होत्या. सोमवारपासून बंद करतो, तो म्हणाला.

सोमवारी सकाळी, मंजिरी शाळेच्या तयारीत असतानाच, सत्यभामाबाईंनी, आता हा शेवटचाच, म्हणत मोठ्या भांड्यात दूध ओतलं, पेढे कुस्करले, झाकण लावलं आणि त्याला उठवायला गेल्या. घोरणं थांबलेलं होतं. नेहमीचा गचका येईल म्हणून मी वाट पाहत होतो. तो आला नाही. आतून त्यांनी त्याला हाक मारली, पुन्हा मारली, आणि मग मंजिरीला बोलावलं.

दिवसभर घरात माणसं येत-जात राहिली. दुपारी माझ्या भांड्यातलं दूध नासलं. संध्याकाळी सत्यभामाबाई आल्या, त्यांनी ते मोरीत ओतलं आणि भांडं घासायला बसल्या. फार वेळ घासत होत्या.

"पातळच तं होतं," त्या म्हणाल्या.

मंजिरी दारात उभी होती.

मित्रांनो, आता मला कोणी फारसं लावत नाही. सर्जनचा हात कमी पडला, ते खरंच आहे, आणि त्याचा जाब विचारायलाच हवा. पण त्याचं काम एका सकाळीत संपलं, माझं रोज चाललं. बटण दाबलं की मला फिरावंच लागतं. भांड्यात काय आहे ते पाहून थांबण्याची सोय माझ्यात कोणी ठेवली नाही, ती तुमच्या हातात ठेवली आहे. म्हणून सांगतो, आपल्या माणसासाठी मायेने काही करायला घ्याल, तेव्हा बटणावर बोट ठेवून एकदा त्याच्याकडे नीट बघा. मग दाबायचं की नाही ते ठरवा.