घरातली मॅडम

स्टीलच्या ताटावर पळी तीनदा वाजली आणि जानेफळच्या त्या दोन खोल्यांच्या घरात शाळा भरली.

"विशाखा प्रेमानंद…"

"ह… हजर, मॅडम."

भिंतीला टेकून मेथी निवडणाऱ्या पंचफुलाबाईंनी सुनेकडे पाहिलं. "अवं, पोरगी मांडीले मांडी लावून बसली तुह्या. हजेरी काऊन घेतं?"

"आत्याबाई, शिस्त नको का लागायले?" समता म्हणाली. दहा ते एक या वेळात विशूने तिला 'मॅडम' म्हणायचं, पाणी प्यायलासुद्धा हात वर करून विचारायचं, असा नियम होता. लग्नाआधी समता एका खाजगी शाळेत शिकवत असे. शाळा कशी असते ते तिला पक्कं ठाऊक होतं, आणि सगळा घोळ तिथेच होता.

विशू बोलताना अडखळायची. वर्गात वाचायला उभी राहिली की पोरं फिदीफिदी हसायची. पुढेपुढे तिने तोंडाला कुलूपच लावलं. जूनमध्ये समताने तिला शाळेतून काढून घरी आणलं. "मी शिकवते तिले," ती म्हणाली. प्रेमानंदचं बसस्टँडजवळ मोटार वायंडिंगचं दुकान. त्याने बायकोचं ऐकलं, पण मुदत घालून.

"वर्षावास सरेपर्यंत, आश्विनातल्या पुनवंपर्यंत पाह्यतो. पोरीनं तोंड उघडलं त ठीक. नाही त चिखलीच्या वसतिगृहात टाकतो. चार पोरीत राह्यली त बोलीन तरी. घरात बसून मुकी झाली मंग?"

तो काही कठोर बाप नव्हता. घाबरला होता बिचारा. पण समताच्या डोळ्यांपुढे विशूची रिकामी गादी उभी राहिली आणि तिने कंबर कसली.

मोबाइलवर चांगल्या सवयींचे व्हिडिओ बघून तिने भिंतीवर वेळापत्रक डकवलं. पहाटे उठणं, कोमट पाणी, योगासनं, पाढे, शुद्धलेखन, आणि झोपताना पुन्हा पाढे. सवयींची नुसती जत्रा भरली. एक चुकली की पुढच्या साऱ्या घसरत आणि समताचा आवाज चढे. विशू वाचताना अडली की ही लगेच पुढचा शब्द सांगून मोकळी. समताचा चहा रोज ओट्यावर गार होई आणि पोरगी दिवसेंदिवस आणखी गप्प.

एका संध्याकाळी सगळे जेवायला बसले होते. विशूने ताटावरून हात वर केला.

"म… मॅडम, भाकर घेऊ?"

प्रेमानंद ठसका लागेपर्यंत हसला. मग बायकोचा चेहरा पाहून त्याचं हसू आटलं. विशूही कावरीबावरी झाली. आपलं काय चुकलं, ते तिला कळेना.

"शाळेतून पोरगी घरी आणली," पंचफुलाबाई हळूच म्हणाल्या, "अन् शाळा तिच्या मांगंमांगं आली."

समताने लेकीच्या ताटात भाकरी वाढली. तिला स्वतःला घास गेला नाही. आपल्या पोरीने आपल्या घरात भाकरीसाठी हात वर करावा, याने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी तिने वेळापत्रक उतरवलं. ताट परत मांडणीत गेलं.

"आत्याबाई, आता यातलं काय ठेवू?"

"पोरीले रोज मले वाचून दाखवू दे. काल विहारात मले झपकी लागली वं, काहीच आयकलं नाही."

वर्षावासात, पावसाळ्याच्या त्या तीन महिन्यांत, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चाले. म्हातारीला अक्षर येत नव्हतं, पण एक दिवस चुकवत नसे. आणि तिथे झपकी? सगळ्या बायका पेंगल्या तरी या बाईचा डोळा लागत नसे. समताला थाप कळली. घरातली त्याच ग्रंथाची प्रत तिने फळीवरून खाली काढली.

दुपारी विशू ग्रंथातलं कालचं पान आजीपुढे वाचू लागली. अडली. समताच्या ओठांवर शब्द आलाच होता, तेवढ्यात म्हातारीने मेथीची जुडी तिच्या मांडीवर टाकली. "तू निवड. पोरगी आडली त आडू दे. बैल बी चढावर दम घेते."

समता पानं खुडत राहिली. शब्द यायला फार वेळ लागला, पण आला. त्या घरात मग एवढीच सवय उरली. दुपारी वाचायचं आणि वाचणारीला कुणी घाई करायची नाही. सवय लेकीला लावायला निघाली होती, लागली आईला, आणि पाढ्यांपेक्षा ती कितीतरी अवघड निघाली.

आश्विन आला. सोयाबीनच्या मळणीची धूळ रस्त्यावर उडू लागली. प्रेमानंद चिखलीला जाऊन प्रवेशाची चौकशीही करून आला. मुदतीची पौर्णिमा दोन दिवसांवर आली तेव्हा विहारात वाचणाऱ्या संघपालदादांचा घसा बसला.

"माही नात वाचते की," पंचफुलाबाई म्हणाल्या.

विशू उठली, पुढे जाऊन बसली आणि वाचू लागली. चार ओळी नीट गेल्या. पाचवीत अडली. बायकांतून कुणीतरी शब्द सांगू लागली. दाराशी चपला हातात घेऊन उभ्या असलेल्या प्रेमानंदनेही तोंड उघडलं.

पंचफुलाबाईंनी हात वर केला. "थांबा. दम घेऊ द्या तिले."

समता पदराचं टोक मेथीसारखं खुडत बसली. शब्द आला. पुढे आणखी दोनदा अडली, दोन्ही वेळा सगळे थांबले, आणि पान पुरं झालं.

घरी येताना प्रेमानंद दोन पावलं पुढेच चालला. चिखलीचं काय ठरलं, हे विचारायची समताची हिंमत झाली नाही. जेवायला बसल्यावर मात्र त्याने गंभीर चेहऱ्याने हात वर केला.

"मॅडम, भाकर घेऊ? अन् उद्या त्या चिखलीवाल्याले फोन करून सांगू का, का आमची पोरगी घरीच शिकते म्हणून?"

समता तव्यापाशी तशीच थांबली. उत्तर विशूने द्यायला घेतलं.

"मॅडम नाही हाये इथं," ती म्हणाली. "आ…"

अडली. बापाचा हात वरच राहिला. आजीचा घास हातात राहिला. कुणी शब्द सांगितला नाही, सगळ्यांना माहीत असूनही.

"आ… आईले विचारा."

तव्यावरची भाकरी एका बाजूने पार करपली होती. समताने ती स्वतःच्या ताटात घेतली आणि नवऱ्यासाठी दुसरी थापायला बसली.