काडेपेटीची पावली

त्या साली लढाई परमुलखात चालली व्हती, पन सुट्टे पैसे गडप झाले लोणावळ्याच्या बाजारातनं. कुटं गेले म्हनून इचारायलाच नगं. निम्मे तरी अंबाजीच्या दुकानात गेलते. तेलमीठ घेऊन रुपायाची नोट द्यावी आनि उरलेलं मागावं, तर ह्याचं तोंड एरंडेल प्यायल्यावानी. "सुट्टं न्हाई, कस्तुराबाई. काडेपेटी घ्या." अर्ध्या आन्याला काडेपेटी, पैशाला सुपारीचं खांड! वर नान्याचं कोडं घालायचा, ते मातर फुकाट. "दोन नानी, मिळून धा आने, त्यातलं एक अधेली न्हाई. कोन्ती?" मी बोटं मोजाया लागले की खिदळायचा, "आवं, एक न्हाई, पन दुसरं हाय की! आठ आन्याची अधेली आनि दोन आन्याची चवली." मेल्या, माझी चवली दे आदी! पन हे आपलं मनात. त्याच्याच घरात लेक द्यायची व्हती ना.

त्याचा पुतन्या बजरंग रेल्वेत लागल्याला. बाप न्हाई, म्हनून चुलताच कर्ता. पोरगं गुनाचं, आनि माझ्या नंदाच्या मनात भरल्यालं. सुपारी फोडायला मंडळी कुसगावात आमच्या घरी आली. देवापुढं सव्वा रुपाया ठिवायचा आनि मग सुपारी फोडायची, ही आमच्यातली रीत. रानीछाप रुपाया देव्हाऱ्यात जपून ठिवल्याला. पन वरची चार आन्याची पावली? नंदाचा बा सकाळपासनं गावभर हिंडला. दूध, गवत इकून आल्याल्या नोटा समद्यांकडं, पावली कुनाकडंच न्हाई.

त्यानं रुपायाशेजारी नोट ठिवली. अंबाजीनं ती बोटानं ढकलली. "कागद देवाला चालत न्हाई. पावली नसंल तर उठतो आमी. सोमाटण्याच्या पोरीचा बाप कवाधरनं वाट बघतोय."

नंदाचं तोंड एवढंसं झालं. बजरंग पायाच्या अंगठ्याकडं बघत बसला. आनि ह्या बाबाला पावली कुटनं आनू? काडेपेट्यांनी फळी भरलीया माझी, ह्याच्याच दुकानातल्या!

"बसा तरी भाऊ, च्या टाकलाय," म्हनलं. च्या म्हनल्यावर बसला. बसल्यावर कोडी सुरू, वर ह्याची फुशारकी. "नान्याचं कुटलंबी कोडं घाला, अंबाजीला अडलंय असं व्हायचं न्हाई."

नंदा पदर सावरून हळूच बोलली, "मी घालू? तीन नानी एका वळीत. मधल्याला हात न लावता त्याला मधनं काढायचं. हलवायचं एकच नानं. मांडाया खडं आनू का?"

"खडं?" अंबाजी भडकला. "नान्याचं कोडं खड्यानं मांडत्यात व्हय, पोरी?" आनि गड्यानं कमरंचा पैशाचा कसा सोडून घोंगडीवर उपडा केला!

आगं बया! पैसे काय, आने काय, चवल्या काय. समदं घर बघत ऱ्हायलं. ह्याला मातर भानच न्हाई. दोन अधेल्या कडंला, मधी पावली, असं मांडून कपाळाला आठ्या घालून बसला. च्या निवून गेला. शेवटी म्हनला, "ह्ये व्हतच न्हाई."

नंदानं डावीकडची अधेली उचलली आनि पार उजवीकडं नेऊन ठिवली. पावली आपसूक कडंला आली.

"मधल्याला तू हात लावला न्हाईस," मी म्हनले, "पन कडंचीला मी लावते." पावली उचलली आनि देवापुढं रुपायाशेजारी ठिवली. फळीवरच्या आठ काडेपेट्या आनून अंबाजीच्या म्होरं रचल्या. "ह्ये तुमचं चार आने, भाऊ. तुमच्याच भावानं."

"काडेपेट्या? ह्ये काय पैसं हायत?"

पयला हसला तो बजरंग. तोंड दाबून हसाया गेला आनि ठसकाच लागला. मग समदेच हसले. माझा जीव भांड्यात पडला. हसनाऱ्या घरातनं उठून जायचं तरी कोन्त्या तोंडानं? मुकाट्यानं अडकित्ता घेऊन अंबाजीनंच सुपारी फोडली. लगीन पक्कं झालं.

तरी खोड जाती का! निघताना त्यानं एक पेटी उघडून बघितली. "कस्तुराबाई, हिच्यात काड्या कमी हायत."

"असतील. चूल पेटवली आसंल मी," म्हनलं, आनि नुकत्याच फोडल्याल्या सुपारीचं एक खांड त्याच्या हातावर ठिवलं. "ह्ये घ्या. सुट्टं न्हाई, भाऊ."