खडूचा खिसा

मी एक जुना काळा कोट आहे आणि माझी हकीकत तुमच्यापैकी एकालाही खरी वाटणार नाही. लावा पैज. माझ्याकडे लावायला एकच बटण उरलं आहे, तेही भलत्याच रंगाचं. पण ते मी लावतो.

मित्रांनो, उद्याच्या कार्यक्रमासाठी तुम्ही शाळेच्या या नाटकाच्या कपाटात कपडे शोधायला आला आहात. कुणी दाढी लावून बघतंय, कुणी राजाचा अंगरखा उलटा चढवलाय. राहू दे, उलटाच बरा दिसतो. माझं खरं बोलणं आहे त्या दोन वेण्यांच्या मुलीशी. उद्या तिला जादू करायची आहे. तिच्या काखेतल्या टोपलीत एक पांढरं कबूतर आहे, आणि ती माझ्याकडे पाठ करून त्या जांभळ्या मखमली कोटावरून हात फिरवते आहे. फिरव, बाई. मखमल दिसली की कुणाचाही हात फिरतो. पण घालण्याआधी माझं एवढं ऐकून घे.

मला आक्काने शिवलं. आक्का म्हणजे जादूगाराची थोरली बहीण. तिचं शिलाईचं दुकान इतकं अरुंद होतं, की गिऱ्हाईक आत शिरलं की आक्काला बाहेर यावं लागे. जादूगार तेव्हा नवा होता. अंगाने काडी आणि तोंडाने तोफ.

"आक्के, असा कोट शिव की त्यात हत्ती मावला पाहिजे."

"हत्तीचं माप घेऊन ये, शिवते," आक्का दातात सुई धरून म्हणाली.

हत्ती काही आला नाही. आली ती खडू. खडू म्हणजे एक पांढरीशुभ्र कबुतरी, आणि स्वभावाने अशी तिखट, की जादूगाराने 'ये गं' म्हटलं की आधी त्याच्या अंगठ्याला चोच मारणार आणि मग येणार. तिच्यासाठी आक्काने माझ्या आत, डाव्या छातीवर, एक खिसा केला. त्याला अस्तर लावलं धुऊन धुऊन विरलेल्या चादरीचं. काखेत, जिथे प्रेक्षकांची नजर जात नाही, तिथे टोच्याने बारीक बारीक भोकं पाडली आणि प्रत्येक भोकाची कड काजासारखी शिवून घेतली. मग तिने तो खिसा स्वतःच्या नाकातोंडावर घट्ट दाबून धरला आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. जादूगार घाबरला. "आक्के, काय करतेस?" आक्काने खिसा बाजूला केला आणि म्हणाली, "श्वास घेते. येतोय. आता बसव तुझ्या बाईसाहेबांना."

पुढची वर्षं काय सांगू! माझ्या उजव्या बाहीतून एकदा अख्खं बँडपथक बाहेर आलं होतं. ढोलवाला कोपराशी अडकला, त्याला ओढायला दोन माणसं लागली. एकदा एक पोलीस माझा खिसा तपासायला आत शिरला, तो थेट पुढच्या गावच्या प्रयोगात निघाला, आणि तोवर त्याला बढती मिळाली होती. हसताय? हसा. यातलं तुम्ही काहीही मानू नका, माझी हरकत नाही. पण एवढं मात्र माना, की खडू आत बसली की तिची धडधड माझ्या अस्तराला कळायची. पडदा वर जाताना ती जोरात व्हायची. मग काखेतून वारा आला, की हळूहळू निवायची. टाळ्या जादूगाराला मिळायच्या, पण छाती माझी फुगायची.

दिवस काही सारखे राहत नाहीत. माझी कोपरं चकाकू लागली, कॉलर एकदा उलटून शिवली, मग ती उलटी बाजूही विरली. आणि नेमकं तेव्हाच जादूगाराला शहरातल्या मोठ्या नाट्यगृहाचं बोलावणं आलं. तिथला व्यवस्थापक गोड बोलणारा होता. मला बघून म्हणाला, "साहेब, हा कोट घालून स्टेजवर आलात, तर पहिल्या रांगेतला माणूस तुम्हाला दोन चहा सांगेल!"

सगळे हसले. जादूगारही हसला. पण सगळे गेल्यावर तो आरशापुढे उभा राहिला, मला पुढून बघितलं, मागून बघितलं, माझं कोपर नखाने खरवडलं. मी कपडा आहे. माणसाने आपल्याकडे कसं बघितलं ते मला लगेच कळतं.

प्रयोगाच्या दिवशी रंगपटात हे जांभळे महाराज आले. मोठ्या दुकानातून, मोठ्या खोक्यातून. बाहेरून मखमल, आतून चकचकीत रबरी अस्तर, घाम बाहेर दिसू नये म्हणून. आक्का मुद्दाम दुकान बंद करून आली होती. तिने कोट हातात घेतला, बाही उलटी केली, आतला खिसा चाचपला आणि नाकातोंडावर दाबला. लगेच बाजूला केला.

"यात नको घालूस तिला," ती म्हणाली.

"आक्के, सुरू झालं का तुझं?"

"वारा जात नाही रे आत. थांब, मी टोचा आणलाय. काखेत चार भोकं पाडते."

"मखमलीला भोकं? आज? अगं, जीव जाईल तिचा!"

"मखमलीला जीव नसतो. आतल्या बाईला असतो."

"उद्या पाड की हवी तेवढी. दोन-चार मिनिटांचा तर प्रश्न आहे. पडदा वर, खडू बाहेर, टाळ्या." त्याने आरशात बघून कॉलर सारखी केली. "सगळा जन्म चहावाल्यासारखा दिसू का मी?"

आक्का पिशवीतून टोचा काढून तो हातात धरून बसली. बाहेर घंटा झाली. जादूगाराने खडूला उचललं. तिने अंगठ्याला चोच मारली.

आणि मित्रांनो, इथेच माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट घडली! जादूगाराची नजर माझ्याकडे गेली. मी खुंटीवर होतो. त्याने अंगातली मखमल काढून भिरकावली, मला चढवलं आणि खडूला माझ्या खिशात बसवून तो तडक स्टेजवर गेला!

बरं झालं गेला, कारण पडदा वर गेला आणि प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले. त्यांना चार शब्द सांगितले होते. पण त्यांनी लहानपणापासून सुरुवात केली. मग त्यांच्या आजोबांचं लहानपण आलं. मग नाट्यगृहाचा पाया, विटा, विटांची भट्टी. जादूगार शेजारी दिव्यांखाली हसऱ्या चेहऱ्याने उभा. निघणार कसा? हलणार कसा? भाषण काही संपेना. इकडे रंगपटात आक्का भिंतीकडे तोंड करून बसलेली आणि सारखं पुटपुटत होती, "बस कर रे बाबा. बस कर आता. बस कर."

काय म्हणालास रे चष्मेवाल्या? मी स्टेजवर होतो तर मला रंगपटातलं कसं ऐकू आलं? कोटाची कॉलर कानाशीच असते बाळा, तिला लांबचं ऐकू येतं. मध्ये बोलू नकोस.

तर खडू माझ्या आत मजेत होती. वारा खात होती. एक झोपसुद्धा काढली तिने. आणि पाहुणे 'शेवटी एवढंच सांगतो' असं सातव्यांदा म्हणाले, तेव्हा ती स्वतःच फडफडत बाहेर आली, नाट्यगृहाला एक चक्कर मारली आणि थेट पाहुण्यांच्या टकलावर बसली! पाहुण्यांना वाटलं, आपला सत्कारच चाललाय. त्यांनी हात जोडले. लोक हसून हसून खुर्च्यांवरून खाली!

हां, हसा, हसा. असंच हसले होते सगळे.

त्यानंतर जादूगाराने पुन्हा प्रयोग केला नाही. गुडघे धरले असतील त्याचे. वय झालं की धरतात. आक्काही त्याच्याकडे यायची बंद झाली. तिच्याकडे काम फार असेल. आम्हा दोघा कोटांना त्याने एका पेटीत घातलं आणि पेटी तुमच्या शाळेला देऊन टाकली. पेटीचं झाकण लावताना त्याने आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

म्हणून मित्रांनो, माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे. जुन्या वस्तूंना हिणवू नका. आम्हाला अधूनमधून ऊन दाखवा, उसवलेला टाका वेळच्या वेळी घाला. आणि जादू करायला उभे राहाल, तेव्हा अंगावर काय घालायचं ते...

"खोटं!"

दोन वेण्यांची मुलगी हसत नव्हती. तिने टोपली खाली ठेवली होती. मखमली कोट तिने पूर्ण उलटा केला होता आणि तिचा हात मनगटापर्यंत त्याच्या आतल्या खिशात होता.

"त्याने तुला घातलंच नव्हतं," ती म्हणाली. "घातलं असतं, तर याच्या रबराला ही पांढरी पिसं कशी चिकटली असती? आणि हे बघा, सगळीकडे... हे नख्यांचे ओरखडे कुणाचे आहेत?"