पाचव्या रांगेत अडलेली लहर

मित्रांनो, मला घडीभरही स्वस्थ बसवत नाही. मी भौतिकशास्त्र विभागातला एक जुना संगणक. बारा वर्षांपूर्वी आलो, तेव्हा सर पाहुण्यांना मुद्दाम माझ्यापुढे आणून उभे करत. आता माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवतात.

माझे काम असे. अणूंची एक सपाट जाळी कल्पायची, मधल्या एका अणूला टिचकी मारायची आणि लहर कशी पसरते ते मोजायचे. प्रत्येक अणूसाठी माझ्याकडे आकड्यांचे एक गाठोडे असते, शेजारच्या चार गाठोड्यांना दोऱ्यांनी बांधलेले. दोरा जाड असला की शेजाऱ्याची खबर नीट पोहोचते. पण जाड दोरे माझ्यात मावत नाहीत. मग बारीकसारीक आकडे मी टाकून देतो आणि किती टाकले, ते एका फाइलीत लिहितो.

इथे संशोधन करणाऱ्या ताईच्या प्रबंधाला महिनाच उरला होता. उत्तर लवकर यावे म्हणून घाईत तिने दोरे बारीक ठेवले.

"सर, लहर पाचव्या रांगेत थांबली! पुढे जातच नाही!"

"अगं, हे तर नवीनच! परिषदेत हेच मांड."

तिने त्याच दोऱ्यांनी पाच वेळा पडताळले. पाचही वेळा तेच उत्तर आले आणि सगळ्यांची खात्री पटली. पण लहरीला पुढे नेणारे आकडे मीच फेकत होतो. सांगणार कसे? नुसता तापत राहिलो. परिषदेच्या दोन दिवस आधी बंदच पडलो.

दुरुस्तीवाले काका आले. धूळ काढून मला चालू केले आणि म्हणाले, "ताई, ही एक फाइल केवढी फुगलीय! पुसून टाकू?"

"थांबा काका!" तिने ती पहिल्यांदाच उघडली. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला. "सर, लहर थांबली नव्हती. आपणच तिचे पाय कापलेत."

"आता तिकडे काय तोंड दाखवायचं?"

"आहे तेच, सर. उद्या दुसऱ्या कुणी चूक काढली, तर ते काळं होईल."

तिने भाषण मागे घेतले आणि प्रबंधासाठी सहा महिन्यांची मुदत मागितली. काकांनी दोन बंद संगणकांची मेमरी माझ्यात बसवली. आता दोरे जाड आहेत. नव्या मोजणीचा आज तेरावा दिवस. लहर आठव्या रांगेत आहे आणि मी दमलो आहे.

मित्रांनो, आमची धूळ जरूर पुसा. पण आम्ही लिहिलेले पुसण्याआधी एकदा वाचा. आणि रिकाम्या खोलीत एखादा संगणक चालू दिसला, तर लगेच बटण दाबू नका. आत कुणाचे तरी सहा महिने चालू असतात.