आडवी फाइल

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी ढकलगाडी आहे. एका रुग्णालयात रुग्णांच्या फाइली वाहून नेण्यात माझे आयुष्य गेले. मला तीन कप्पे आहेत, चार चाके आहेत, आणि पुढचे डावे चाक जन्मापासून कुरकुरते. ज्या कारागिराने मला जोडले, तो तेव्हाच म्हणाला होता, "हे चाक जरा बोलकं आहे. तेल घालत जा." त्या चाकाची कुरकुर कानावर पडली की वॉर्डातल्या सिस्टर मान वर न करता म्हणत, "आल्या फाइली!"

तेव्हा रुग्णालय लहान होते. मोठे डॉक्टर रुग्ण तपासत आणि त्यांच्या पत्नी रेकॉर्ड रूम सांभाळत. त्यांना सगळे आई म्हणत. कोणाला कोणता आजार झाला, कोणते औषध लागू पडले, कोणाचे कोणते हाड मोडले, ते सगळे त्या खोलीतल्या मांडण्यांवर फाइलींत बसलेले असे. रोज सकाळी आई त्या दिवशीच्या फाइली काढून माझ्या कप्प्यांत ओळीने उभ्या लावत. मात्र एखादे औषध ज्याच्या जिवावर बेतू शकते, त्याची फाइल त्या आडवी घालत. उभ्या फाइलींच्या डोक्यावर आडवी! ती लांबूनही डोळ्यांत खुपे. हात घालणारा थबके, "यांना काय चालत नाही?" असे विचारी, आणि मगच फाइल उघडी. ही रीत भिंतीवर कुठे लिहिलेली नव्हती. जुनी सिस्टर नव्या सिस्टरला सांगे आणि मी ती पाळे. मला तिचा फार अभिमान होता.

पुढे आई गेल्या, मोठे डॉक्टर थकले. त्यांची मुलगी डॉक्टर झाली आणि रुग्णालय चालवू लागली. ती सगळ्यांची ताई. धाकटा मुलगा कारभार बघू लागला. तो सगळ्यांचा भाऊ. रुग्ण वाढले तशा फाइलीही वाढल्या. खरे सांगायचे तर आमचेही चुकू लागले होते. फाइली हरवत, ओलीने पाने चिकटत, आणि एकदा तर एकाच नावाच्या दोन आजोबांच्या फाइलींची अदलाबदल झाली. शेवटी ताईंनी ठरवले, की सगळ्या नोंदी संगणकात न्यायच्या. आता प्रश्न एवढाच होता, की त्यासाठी सॉफ्टवेअर कोणते घ्यायचे?

भाऊंचे मन एका रंगीबेरंगी सॉफ्टवेअरवर बसले होते. "ताई, बघ तरी काय दिसतंय! लोक कुठल्या कुठे गेले आणि आपण अजून गाडी ढकलतोय."

"दिसतंय झकास," ताई म्हणाल्या. "पण नुसता फोटो बघून लग्न नाही ठरवायचं. आधी वॉर्डात चालवून बघू."

त्या चाचणीच्या दिवशी भाऊ सकाळी लवकर आले. सॉफ्टवेअर दाखवायला कंपनीचे पाहुणे येणार, म्हणून त्यांनी स्वतःच फडके घेतले. टेबले पुसली, मलाही चकचकीत केले. मग त्यांची नजर माझ्या कप्प्यांवर गेली. "ह्या फाइली अशा वेड्यावाकड्या कोणी कोंबल्या?" असे पुटपुटत त्यांनी एकेक आडवी फाइल उचलली आणि रांगेत नीट उभी केली. भाऊंचे सारे काम कचेरीत चाले. आडव्या फाइलीचा अर्थ त्यांना कोणी सांगितलाच नव्हता. ओरडावे तर तोंड नाही. एक चाक काय ते बोलते, पण ढकलल्याशिवाय तेही बोलत नाही.

थोड्या वेळाने पायाची जखम चिघळली म्हणून एक सुतारकाका आले. सोबत काकू होत्या. ताई पाहुण्यांजवळ होत्या, म्हणून एका नव्या डॉक्टरांनी काकांना तपासून इंजेक्शन लिहून दिले. मोठ्या सिस्टरांनी माझ्यातून काकांची फाइल काढली. ती उभी होती, म्हणून त्या थबकल्या नाहीत. फाइलीच्या पहिल्या पानावर धोक्याची नोंद होती, पण इतकी वर्षे सावध करण्याचे काम मी करत आले होते. पहिले पान वाचून बघण्याची सवय कोणालाच उरली नव्हती. सिस्टरांनी इंजेक्शन भरले.

"अहो सिस्टर, कसलं आहे हे?" काकूंनी विचारले. "मागच्या खेपेला असंच एक टोचलं, तर यांचा चेहरा सुजून भोपळा झाला होता. श्वास अडकला होता यांचा!"

सिस्टरांचा हात हवेतच थांबला. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिले. सगळ्या फाइली उभ्या. "गाडी कोणी लावली आज?"

हातात फडके तसेच धरून भाऊ पुढे आले. "मी लावली. पाहुणे येणार म्हणून..." सिस्टरांनी त्यांना आडव्या फाइलीचा अर्थ सांगितला.

ताई धावत आल्या. त्यांनी आधी काकांचे औषध बदलले. काकूच म्हणाल्या, "त्याला रागावू नका हो. मेला नवरा माझा ठणठणीत आहे!" काकांनी कपाळावर हात मारला. ताई रागावल्या नाहीत. त्या पाहुण्यांकडे वळल्या. "हे काका तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये घाला. आता आम्हाला दाखवा, हे इंजेक्शन कोण थांबवतं?"

रंगीबेरंगी सॉफ्टवेअरवाल्याने एक पान उघडले, मग त्याच्या आतले, मग आणखी आतले. "ही बघा मॅडम, नोंद आहे."

ताईंच्या आधी भाऊच बोलले. "आहे हो साहेब. पण उभी आहे."

तो गोंधळला. "मग स्क्रीन आडवी करू का?" एवढ्या ताणातही वॉर्डात हशा पिकला.

त्या दिवसापासून भाऊंनी कंबर कसली. जो कोणी सॉफ्टवेअर घेऊन येई, त्याच्यापुढे ते सुतारकाकांचे उदाहरण ठेवत. रंगाला ते आता भुलत नसत. एका सॉफ्टवेअरमध्ये तर साध्या गोळीलाही धोक्याची घंटा वाजे. सिस्टर न वाचताच ती बंद करू लागल्या. "सगळ्याच फाइली आडव्या घातल्या, तर थांबायचं कुठं?" म्हणत ताईंनी त्यालाही निरोप दिला. कंटाळून कोणी म्हणे, "आता घ्या की कुठलं तरी!" पण भावंडे हटली नाहीत.

शेवटी एक सापडले. दिसायला अगदी साधे. पण रुग्णाला एखादे औषध चालत नसेल, तर त्याच्या प्रत्येक पानावर लाल पट्टी आडवी येई आणि ते औषध लिहू जाणाऱ्याचा हात तिथेच अडे. ते भाऊंनीच निवडले. फाइलींतली माहिती संगणकात जाताना ते माझ्याजवळ बसून राहिले. "आधी कोणती आडवी आहे ते बघा, मगच हात लावा," असे प्रत्येकाला बजावत राहिले.

आता माझ्यावर फाइली नसतात. सुतारकाकांनी बसवलेल्या फळीवर संगणक घेऊन मी खाटेखाटेजवळ फिरते. त्या लाल पट्टीला सगळे 'आडवी' म्हणतात. परवा दुपारी वीज गेली, संगणक बंद पडले. अशा वेळेसाठी रोज सकाळी छापून ठेवलेले रुग्णांच्या नोंदींचे कागद भाऊंनी माझ्या कप्प्यात उभे लावले. मग कोणीही न सांगता त्यांतला एक उचलला आणि वर आडवा ठेवला. मला आईंचा हात आठवला.

मित्रांनो, तुम्हीही मोठे व्हाल, जुने काढून नवे आणाल. जरूर आणा. फक्त काढण्यापूर्वी त्या जुन्या वस्तूजवळ जरा थांबा, आणि ती गुपचूप कोणाला जपत होती ते शोधा. आम्हाला तोंड नसते, म्हणून तुम्हीच विचारायला हवे.

आणि हो, जमले तर चाकाला थोडे तेलही घाला. थोडेच बरे का, माझी कुरकुर सिस्टरांना ऐकू यायला हवी.