डबाराणीचा मुक्काम

“आजी, ते पाकीट पाठ झालं असेल एव्हाना. परीक्षेला येणार आहे का?” दुकानदाराने विचारलं.

पथ्यबाईंनी भिंग खाली घेतलं नाही. काळ्या चॉकलेटच्या पाकिटामागची मुंगीएवढी अक्षरं त्या तिसऱ्यांदा वाचत होत्या.

“‘दुधाचे अंश असू शकतात’ म्हणे. असू शकतात म्हणजे काय? आहेत की नाहीत, एक काय ते सांगा ना.”

“मला काय विचारता? मी नुसता विकतो.”

“मग दुसरं दाखव.”

पाचव्या पाकिटावर ते वाक्य नव्हतं. दुकानदाराने सुटकेचा निःश्वास टाकला, तर बाईंनी पिशवीतून मैद्याची पुडी काढून तिच्या मागची अक्षरं वाचायला घेतली.

इस्पितळाच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं बाईंनी पथ्याचं जेवण केलं होतं. कुणाला मीठ बंद, कुणाला साखर, कुणाला नुसतं पातळ. तिथेच त्यांचं नाव पथ्यबाई पडलं आणि खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं. यंदा उन्हाळ्यात त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, की एकतीस वर्षांत या बाईंच्या हातून एकही चुकीची थाळी गेली नाही. बाई वरकरणी लाजल्या, पण ते वाक्य त्यांनी मनात घडी घालून जपून ठेवलं होतं. तेव्हापासून मुलाच्या घरी पहाटे चारला जाग येऊन त्या छताकडे बघत पडायच्या. हाताला काम नाही, म्हणजे काय होतं ते हाताला काम असणाऱ्यांना कळायचं नाही.

आणि मग परवा नऊ वर्षांची नात म्हणाली, “आजी, नाताळच्या आदल्या दिवशी माझ्या तीन मैत्रिणी आपल्याकडे राहायला येणार. डबाराणीपण येणार. पण ती आपलं काहीच खाणार नाही.”

“डबाराणी? ही कुठली राणी?”

“अगं, तिला दूध चालत नाही. लोणी, चीज, काहीच नाही. थेंब जरी गेला ना, तरी ओठ सुजतात आणि श्वास अडकतो. म्हणून ती सगळीकडे स्वतःचा डबा आणते. वाढदिवसाला आम्ही केक खातो आणि ती भिंतीपाशी बसून डबा खाते. कुणाकडे राहायला तर कधीच गेली नाही.”

बाईंच्या हातातला कप तसाच राहिला. त्यांना एकदम अकरा नंबरच्या खाटेवरचे मास्तर आठवले. कितीतरी वर्षांपूर्वीचे, बिनमिठाच्या जेवणावर असलेले. बाईंनी एकदा विचारलं होतं, “मास्तर, जेवण आवडत नाही का?” तर ते म्हणाले, “जेवण वाईट नाही हो. पण थाळीवर ती पथ्याची लाल चिठ्ठी असते ना, ती आली की सगळ्या खोलीच्या नजरा माझ्याकडे वळतात.” दुसऱ्या दिवसापासून बाई लाल चिठ्ठी थाळीच्या वर न चिकटवता खाली चिकटवू लागल्या. वाढणाऱ्याने थाळी उचलून बघावी, जेवणाऱ्याला दिसू नये. वरिष्ठांनी त्यावरून झापलं, पण बाई बधल्या नाहीत. शेवटी सगळ्या इस्पितळाच्या चिठ्ठ्या खाली गेल्या. ही केवढी मोठी गोष्ट आपण केली, हे बाईंना कधी सुचलंही नाही. मला मात्र ती मोठीच वाटते.

“तुझ्या मैत्रिणीसाठी वेगळं काही करायचं नाही,” बाई नातीला म्हणाल्या. “सगळ्यांसाठीच तिला चालेल असं करायचं. एकच परात, सगळ्यांचे हात तिच्यात.”

डबाराणीच्या आईशी बाई फोनवर अर्धा तास बोलल्या. आई नम्रपणे म्हणाली, “तुम्ही कशाला त्रास घेता? डबा मी देणारच आहे.” आवाजात विश्वास नव्हता आणि तिचंही चुकत नव्हतं. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात म्हणतात, आणि इथे तर दूधच वैरी होतं.

नाताळच्या आदल्या दिवशी बाईंनी सकाळीच स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. दुधाचं होतं नव्हतं ते फ्रिजच्या वरच्या कप्प्यात कोंबलं. ओटा दोनदा धुतला. नवा लाकडी चमचा, नवा स्पंज, धुतलेला एप्रन. आल्याची चांदणीच्या आकाराची बिस्किटं, संत्र्याच्या रसातला तेलाचा केक, साखरेच्या पाकातल्या मक्याच्या लाह्या आणि चॉकलेटमध्ये बुडवलेल्या केळ्याच्या चकत्या, असा बेत होता. सून दारातून बघत म्हणाली, “आई, ऑपरेशन आहे की खाऊ?”

“दोन्हीत हात स्वच्छच लागतात,” बाई म्हणाल्या.

दुपारी अडीचपर्यंत केक फुगला होता आणि चांदण्यांचे दोन ट्रे निघाले होते. आल्याच्या वासाने शेजारीण दोनदा डोकावून गेली. बाई चक्क गुणगुणत होत्या. तिसरा ट्रे पुढे ओढून त्यांनी सवयीने उजवीकडे बोट नेलं आणि ते बोट एका मऊ गोळ्यात रुतलं.

लोण्याची बशी. सकाळच्या पावानंतर ती ओट्याच्या कोपऱ्यात, डब्याआड राहून गेली होती. वरच्या गुळगुळीत लोण्यावर तीन बोटांच्या रेघा आधीच उमटलेल्या होत्या. बाईंच्याच बोटांच्या. इस्पितळात दर रविवारी मुलांच्या विभागासाठी केक करायचा आणि भांड्याला लोण्याचं बोट फिरवल्याशिवाय ते भट्टीत जायचं नाही. डोकं दूध टाळत होतं आणि हात आपला एकतीस वर्षांचा रिवाज पाळत होता. जित्याची खोड!

बाई मटकन स्टुलावर बसल्या.

सून धावत आली. बशी बघून तिने कपाळावर हात मारला. “मीच विसरले उचलायला. पण आई, किती लागलं असेल? नखाएवढं. ते तर भट्टीत जळून गेलं असेल. कुणाला कळणार आहे?”

“मला कळलंय ना,” बाई म्हणाल्या. “आणि तिच्या घशाला कळेल.”

एकतीस वर्षांत एकही थाळी चुकली नाही म्हणे! त्यांना रडू आलं आणि त्या रडल्याही, दोन मिनिटं, एप्रन तोंडाला लावून. मग तोच एप्रन काढून धुवायला टाकला.

केक आणि चांदण्या शेजारणीकडे गेल्या. तिचा नाताळ एक दिवस आधीच आला. ट्रे उकळत्या पाण्याने आणि साबणाने तीनदा घासले. स्पंज फेकला, भट्टी आतून पुसली, ट्रेवर कागद अंथरला. मैदा पुरला, संत्री मात्र दोनच उरली होती. गुडघे बोलायला लागले, तरी बाई बसल्या नाहीत. सुनेने विचारलं, “मी काय करू?” बाई म्हणाल्या, “तू समोर उभी राहा आणि माझ्या हातांवर नजर ठेव. आज माझा त्यांच्यावर भरवसा नाही.” सून खरंच तासभर सासूच्या हातांवर पहारा देत उभी राहिली. अशी संधी कुठली सून सोडेल!

सहाला दोघी मैत्रिणी आल्या, एक बडबडी आणि एक चष्मेवाली. मग डबाराणी आली, आईचा हात धरून. पाठीवर बॅग, कुशीत स्टीलचा तीन पुडांचा डबा. आईच्या हातात औषधाची लाल पिशवी. ती पिशवी कधी, कशी वापरायची हे तिने सुनेला दोनदा समजावून सांगितलं.

बाई मुलीच्या आईला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. टेबलावर सगळी रिकामी पाकिटं ओळीने मांडली होती, मागची अक्षरं वर करून. शेजारी भिंग. इस्पितळाचा नियम होता, जेवण उरकलं तरी दुसऱ्या दिवसापर्यंत पाकिटं टाकायची नाहीत. आई एकेक पाकीट वाचू लागली. तिच्या कपाळावरची आठी सैल होत होती.

“अजून एक सांगायचंय,” बाई म्हणाल्या. दारात उभ्या असलेल्या सुनेने मानेनेच ‘नको, नको’ केलं. “दुपारी पहिला घाणा माझ्या हातून बिघडला. सवयीने ट्रेला लोण्याचं बोट फिरलं. तो सगळा घराबाहेर दिला. भांडी उकळून, भट्टी पुसून हा दुसरा केलाय. पण चूक झाली होती, ते तुम्हाला माहीत असायला हवं. आता तुम्ही ‘नको’ म्हणालात तर मला जराही वाईट वाटणार नाही.”

हे शेवटचं मात्र खोटं होतं.

मुलीच्या आईने हातातल्या पाकिटावरून नजर उचलली. “आजी, नऊ वर्षांत मला शंभर जणांनी सांगितलं, ‘काही होत नाही हो, बिनधास्त खाऊ द्या.’ आमच्याकडून चुकलं होतं, असं कुणी म्हणालं नाही.” तिने पाकीट खाली ठेवलं. “खाऊ दे तिला. डबा मात्र राहू दे. तिला त्याची सवय आहे.”

बाहेरच्या खोलीत गाद्या अंथरल्या होत्या. कुंडीतल्या छोट्या झाडाला मुलींनी कागदाच्या चांदण्या लटकवल्या होत्या. मधोमध परात आली आणि बडबडी आधी तुटून पडली. केक बसका झाला होता, संत्री कमी पडलेली, पण ते बघायला वेळ होता कुणाला? डबाराणी मात्र उठली आणि कुणी न सांगता भिंतीपाशी जाऊन बसली. मांडीवर डबा. बाई दाराआडून बघत होत्या. एवढ्याशा पोरीला आपली जागा किती पक्की पाठ होती!

मग तिने परातीकडे बघून हळूच विचारलं, “आजी, यातलं माझं कुठलं?”

“सगळंच,” बाई म्हणाल्या.

“म्हणजे कुठल्या बाजूचं?”

“बाजूबिजू काही नाही. कुठूनही घे. तुझ्या आईने सगळं वाचून बघितलंय.”

पोर जागची हलेना. शेवटी चष्मेवालीच ओरडली, “अगं ये लवकर, ही बडबडी सगळ्या चकत्या संपवेल!” तेव्हा ती उठली. आधी एकच चांदणी उचलली, तिचं एक टोक चावलं आणि थांबली. मग दुसरं टोक. थोड्या वेळाने चौघींची डोकी परातीवर अशी जुळली होती, की कुठलं डोकं कुणाचं ते बाईंना ओळखू येईना. चष्मा लावला नव्हता म्हणून की डोळे भरले होते म्हणून, कोण जाणे.

सकाळी आठच्या आधीच आई हजर. आल्या आल्या तिने लेकीची हनुवटी धरून ओठ बघितले, मग मान, मग हात. सगळं ठीक होतं. तिने कोपऱ्यातला डबा उचलला आणि तिचा चेहरा पडला. डबा जड होता.

“काहीच खाल्लं नाहीस? रात्रभर उपाशी राहिलीस?”

“खाल्लं की! खूप खाल्लं.” पोरीने डब्याकडे बघून जीभ चावली. “अय्या, डबा उघडायचा विसरलेच मी.”

नातीने हाक मारली तशी ती पळाली. आईने डबा उघडला. मिरी लावलेले बटाट्याचे काप, पावाचे तुकडे, खजूर, वर चौकोनी घडीचा रुमाल. सगळं तिने रचलं होतं तस्संच. ती तिथेच खुर्चीवर बसली.

बाईंनी कोरा चहा केला, दोन कपांत ओतला आणि शेजारी येऊन बसल्या.

“मी सकाळपासून काही खाल्लेलं नाही,” त्या म्हणाल्या. “यातलं थोडं देता का मला?”

आईने बाईंकडे बघितलं. इतक्या वर्षांत तो डबा कुणी मागितला नव्हता. तिने रुमाल टेबलावर पसरला, तिन्ही पुडं मांडली आणि डबा दोघींच्या मध्ये सरकवला. बाईंनी बटाट्याचा एक काप तोंडात टाकला आणि सवयीने सावकाश चव घेतली.

“मीठ अगदी बरोबर पडलंय,” त्या म्हणाल्या आणि दुसरा काप उचलला.