छत्रीच्या स्प्रिंगचा खंजीर

दचकू नका, मित्रांनो. मी एक जुना खंजीर असलो, तरी आजवर कोणाला साधा ओरखडाही काढलेला नाही. मी नाटकातला खंजीर. छातीवर टेकवून दाबलं की माझं पातं गुपचूप मुठीत शिरतं, आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं, गेलं आरपार!

माझा जन्म खडकीतल्या एका क्वार्टरच्या अंगणात झाला. भीमराव कारखान्यातून घरी आले की चहा पिऊन कानशीने मला घासत बसत. माझी मूठ म्हणजे नळाचा पितळी तुकडा आणि पातं म्हणजे टोक बोथट केलेली लोखंडी पट्टी. स्प्रिंग मात्र थेट राजघराण्यातली, म्हणजे कांताबाईंच्या बटणाच्या छत्रीतली.

"अहो, माझी छत्री मोडलीत?" कांताबाई कडाडल्या. "आता पाऊस आला की तुमचा मुकुट घालून जाऊ का मंडईत?"

"जा की. राणीसाहेब आल्या म्हणून कोथिंबीर फुकट मिळेल."

मुकुट खरंच होता. भीमराव आणि त्यांचे कारखान्यातले मित्र मिळून एक ऐतिहासिक नाटक करत. त्यात भीमराव राजा आणि त्यांचे जिवलग दोस्त मच्छिंद्रराव सेनापती. सेनापतीने गडाची चोरवाट सांभाळण्याचा शब्द राजाला दिलेला असतो. तो शब्द मोडतो, शत्रूला आत घेतो, आणि शेवटच्या अंकात मिठी मारायला आलेल्या राजाच्या छातीत मला खुपसतो. कोसळताना राजा म्हणतो, "वार पाठीवर नाही, छातीवर झाला. म्हणजे मी तुला मिठीत घेतलं होतं. एवढं लोकांना सांग."

या वाक्याला काय व्हायचं म्हणून सांगू! एकदा एक आजीबाई इतक्या रडल्या, की पुढच्या दोन रांगांना पाय वर घेऊन बसावं लागलं. एका आजोबांनी सेनापतीला चप्पल फेकून मारली. ती विंगेतून बाहेर गेली, थिएटरला वळसा घालून दारातून आत आली आणि आजोबांच्या पायात जाऊन बसली. खोटं वाटत असेल तर त्या चपलेला विचारा.

पण आता सांगतो ते अगदी खरं आहे. आमच्या मंडळींचा एक रिवाज होता. तिसऱ्या घंटेच्या आधी मच्छिंद्रराव मला भीमरावांच्या हातात देत. भीमराव मला स्वतःच्या तळहातावर दाबून पाहत. पातं सुरळीत आत गेलं, की मला परत देऊन म्हणत, "घे मच्छ्या. मार बिनधास्त." ज्याच्या छातीवर वार व्हायचा, त्यानेच मारणाऱ्याच्या हातात मला द्यायचं. मित्रांनो, टाळ्या पुष्कळांना मिळतात. त्या तळहाताचा मान मात्र मला एकट्याला होता.

पुढे दिवस पालटले. घरोघरी टीव्हीच्या वाहिन्या वाढल्या आणि थिएटरातल्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. पुण्याच्या कडेला हिंजवडीत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. मच्छिंद्ररावांनी कोथरूडला फ्लॅट घेतला. आमचे प्रयोग थांबले आणि मी भीमरावांच्या ट्रंकेत झोपून राहिलो. आणि एक दिवस ट्रंक उघडली! हिंजवडीतल्या एका कंपनीने वार्षिक समारंभासाठी आमचं नाटक मागितलं होतं. भीमरावांची मुलगी कल्याणी नुकतीच तिथे नोकरीला लागली होती. लेकीच्या ऑफिसात राजा व्हायचं म्हणून भीमरावांनी मिशा वाढवल्या. ते आंघोळ करतानाही संवाद म्हणू लागले. कांताबाई म्हणत, "महाराज, साबण संपलाय."

मग मच्छिंद्रराव आले. बूट न काढता दारातच उभे राहिले.

"कार्यक्रम रद्द झाला रे, भीमराव."

भीमराव थोडा वेळ मिशीवरून बोट फिरवत राहिले. "असू दे. चहा घे."

"नको, घाईत आहे. खंजीर तेवढा दे. स्प्रिंगला तेल घालून आणतो."

"तेल आहे की घरात."

"माझ्याकडे शिलाई मशीनचं आहे. चांगलं असतं."

भीमरावांनी मला फडक्यात गुंडाळून दिलं. तेलाला कोण नाही म्हणेल?

मला तेल लागलंच नाही. मी थेट हिंजवडीत पोहोचलो, तेव्हा सगळा उलगडा झाला. कंपनीच्या साहेबांना स्वतःच राजा व्हायचं होतं. नाटक करायचं तर तेवढी अट होती. मच्छिंद्ररावांनी ती मान्य केली, कारण रंगमंचाच्या उजेडासाठी ते फार दिवस तहानलेले होते. आणि दोस्ताला खरं सांगायची हिंमत नव्हती, म्हणून त्याच्यापुरता कार्यक्रमच रद्द करून टाकला.

साहेबांनी मला एकदाही तळहातावर घेतलं नाही. म्हणाले, "सेफ आहे ना? मग चला."

नाटक सुरू झालं. मच्छिंद्रराव मला घेऊन विंगेत उभे होते. तेवढ्यात मागून कल्याणीचा आवाज आला. "काका! बरं झालं भेटलात. कार्यक्रम रद्द झाल्याचा निरोप चुकीचा होता. मी ऑफिसातली नोटीस वाचली म्हणून कळलं."

तिच्या मागे भीमराव. हातात मुकुटाची पिशवी, कपाळावर घाम. "मच्छ्या, बस मिळाली नाही रे, म्हणून उशीर झाला. म्हटलं, राजाशिवाय तू एकटा काय करशील?"

मग त्यांची नजर रंगमंचावर गेली. तिथे राजा होता.

माझ्या मुठीला मच्छिंद्ररावांच्या तळव्याचा गार घाम लागला. तेवढ्यात त्यांचा प्रवेश आला आणि ते निघून गेले. जाताना मला मागे वळून बघायचं होतं. पण खंजिराला मान नसते, हे बरंच आहे.

वार झाला. साहेब कोसळले आणि वाक्य विसरले. एकदा खोकले, मग हसले. सभागृहातही हशा पिकला. तेव्हा विंगेतून, अंधारातून, भीमरावांचा आवाज आला. सावकाश, खर्जातला. "वार पाठीवर नाही, छातीवर झाला. म्हणजे मी तुला मिठीत घेतलं होतं. एवढं लोकांना सांग."

हसू जागच्या जागी विरलं. मग टाळ्यांचा कडकडाट झाला; लोकांना वाटलं, मुद्दामच तसं बसवलंय. मच्छिंद्रराव मान खाली घालून उभे राहिले. सगळे म्हणाले, काय अभिनय! तो अभिनय नव्हता, मित्रांनो. मी त्यांच्या हातात होतो, मला ठाऊक आहे.

पडदा पडल्यावर भीमरावांनी हात पुढे केला. "दाखव." मला तळहातावर दाबलं. पातं आत गेलं. "चालतोय छान."

"भीमराव, मी सांगणारच होतो..."

"तेलाचं सांगितलंस की. आणखी काय राहिलं?" त्यांनी मला परत दिलं. "ठेव तुझ्याकडेच. माझ्या छातीचं काम संपलं."

कल्याणीने वडिलांच्या हातातली पिशवी घेतली आणि ते दोघे गेले. त्यानंतर भीमराव आणि मच्छिंद्रराव, दोघांपैकी कोणीच नाटकात उभं राहिलं नाही.

आता मी कोथरूडच्या फ्लॅटमध्ये शोकेसच्या काचेमागे असतो. पाहुणे विचारतात, "हा कोणी बनवला हो?" मच्छिंद्रराव म्हणतात, "असाच कुठूनतरी मिळाला." हे ऐकलं की वाटतं, पात्यासारखं सगळंच्या सगळं मुठीत शिरावं. दसऱ्याला ते माझी पूजा करतात, मूठ घासून लखलखीत करतात. पण मला कधीच दाबून पाहत नाहीत. आतली स्प्रिंग गंजून गेली आहे. पातं आता आत जात नाही. जन्मभर मी खोटा होतो, तेव्हा एक माणूस छाती पुढे करायचा. आता खरा झालोय, तर तोंड दाखवायची लाज वाटते.

दर दसऱ्याला मच्छिंद्रराव मला पिशवीत घालून खाली उतरतात, स्कूटर सुरू करतात, बंद करतात आणि परत वर येतात. म्हणून मित्रांनो, एवढं कराच. कोणी विश्वासाने हातात दिलेली वस्तू काचेत ठेवू नका. ज्याची त्याला नेऊन द्या. आणि दसऱ्याला कोथरूडला आलात, तर त्या म्हाताऱ्याला जिन्यावरून परत वर चढू देऊ नका. खडकीला पोहोचवा. भीमराव तळहात पुढे करतील, याची पैज मी त्या उडत्या चपलेवर लावतो. फक्त त्यांना आधी सांगा, स्प्रिंग गंजली आहे. हळू दाबा.